वहिनी म्हणतात

“पुढे या, पुढच्या खुर्च्या भरा,” काळा टी-शर्ट घातलेली आयोजकांपैकी एक मुलगी आमच्या रांगेपाशी येऊन म्हणाली. “पुढची रांग रिकामी असली की कलाकाराला बोलायला जड जातं.”

“आम्ही इथंच बरे आहोत,” मी म्हणाले.

“मागच्या रांगा बंदच करतोय मॅडम. आज गर्दी कमी आहे, सगळ्यांना पुढे घेतोय.”

मी नवऱ्याकडे, शैलेंद्रकडे बघितलं. तो आधीच उठला होता. शर्टाच्या बाह्या नीट करत मला म्हणाला, “चल की. जवळून बघू तुझ्या माणसाला.”

मागची रांग मीच दारात मागून घेतली होती. लांब बसलं, अंधारात बसलं, की निभावून जाईल असं मी सकाळपासून स्वतःला सांगत होते. आता थेट पहिली रांग. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी चौथरा, आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर आमच्या खुर्च्या.

‘तुझा माणूस’ म्हणजे कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. ओजस गवांदे नावाचा पंचवीस-सव्विशीतला मुलगा, स्टँडअप कॉमेडी करायचा. मराठीत, अगदी आमच्या नाशिकच्या बोलण्यात. मी त्याला कधी भेटले नव्हते. संध्याकाळी पोळ्या करताना फोन डब्याला टेकवून त्याचे व्हिडिओ लावायचे, एवढीच आमची ओळख. एकाच कानात इअरफोन घालायचे, दुसरा दाराकडे मोकळा ठेवायचे. तेवढा अर्धा तास मी हसायचे. दिवसभरात तेवढंच.

एकदा हसण्याच्या नादात मला दार उघडलेलं कळलंच नाही. मागे वळले तर शैलेंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभा. (तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायचे. इथं नावाने सांगतेय, चालवून घ्या.) त्याने काही विचारलं नाही. माझ्या कानातून इअरफोन काढला, फोन हातात घेतला आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्याउभ्या बघितला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. फोन परत ओट्यावर ठेवला आणि जेवायला बसला. मला वाटलं, सुटले.

आणि मग त्या रविवारी सकाळी म्हणाला, “संध्याकाळी तयार राहा. त्या पोराचा शो आहे कॉलेज रोडला, तिकिटं काढलीत.”

अकरा वर्षांच्या संसारात हा माणूस मला स्वतःहून नाटक-सिनेमाला घेऊन गेला नव्हता. त्यामुळे आनंद वगैरे काही झाला नाही, उलट भीतीच वाटली. गाडीत त्याने एकच वाक्य टाकलं. “फार हसू येतं म्हणे तुला त्याचं. आज बघतो.”

म्हणजे शो तो बघणार नव्हता. मला बघणार होता. मी हसले तर तो म्हणणार, ‘माझ्यादेखत दुसऱ्या पुरुषाकडे बघून खिदळते’, आणि नाही हसले तर, ‘मी शेजारी असलो की हिला हसू येत नाही.’ दोन्हीकडून मरण. गाडीत बसल्याबसल्या मी ठरवून टाकलं की सगळा हॉल हसला तरच हसायचं, तेही तोंड मिटून, आणि लगेच थांबायचं. हसायचं कसं याची अशी तयारी करून गेलेली त्या हॉलमध्ये मी एकटीच असणार.

ओजस आला. फोनमध्ये दिसायचा त्याहून किडकिडीत होता, आणि पायात साध्या चपला होत्या. मला उगीच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. लगेच मी नजर पायाशी नेली.

“आपल्या नाशकात कुणाला पत्ता विचारून बघा,” त्याने सुरुवात केली. “माणूस पत्ता सांगत नाही. आधी विचारतो, कुणाकडे जायचंय? आपण म्हणतो, पाटलांकडे. तो दोन मिनिटं विचार करतो आणि म्हणतो, ते नसतील आत्ता घरी.”

हॉल हसला. मला असं काही हसू फुटलं की मी गालाचा आतला भाग दातात धरला. शैलेंद्र समोर बघतच नव्हता. तिरका बसून माझ्याकडे बघत होता. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. पुढचा अर्धा तास ओजस त्याच्या आईबद्दल बोलला, सोसायटीच्या मीटिंगबद्दल बोलला, माझ्या लक्षात त्यातलं अक्षर राहिलेलं नाही. गालातून रक्ताची चव आली ती मात्र आठवते.

मग त्याचं ठरवलेलं बोलणं थांबलं आणि त्याची नजर पहिल्या रांगेवरून फिरायला लागली. त्याचे एवढे व्हिडिओ बघितलेले, त्यामुळे आता काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. ही मंडळी मधेच समोरच्या लोकांशी गप्पा मारायला लागतात. नाव काय, काम काय, घरी कोण असतं. समोरच्याकडे माईक नसतो, म्हणून त्याने दिलेलं उत्तर ते स्वतः माईकवर परत बोलतात. मागच्यांना ऐकू जायला हवं आणि व्हिडिओतही यायला हवं. काका म्हणतात अमुक, काकू म्हणतात तमुक. ओजसच्या तर ते तोंडातच बसलेलं होतं.

नको रे इकडे बघू, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

“दादा, नाव काय आपलं?”

“शैलेंद्र.”

“दादा म्हणतात, शैलेंद्र. काय करता शैलेंद्रदादा?”

“पाण्याच्या पंपांची एजन्सी आहे.”

“दादा म्हणतात, पंपांची एजन्सी. बघा, पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवतात, पण अर्धा तास झाला, चेहऱ्यावर हसू काही चढेना.”

हॉलभर हशा पिकला. लोक वाकून वाकून आमच्याकडे बघत होते. मी शैलेंद्रच्या अंगठ्याकडे बघितलं. राग आला की तो घड्याळाच्या पट्ट्याखाली अंगठा घालून मनगट चोळतो. अंगठा पट्ट्याखाली गेला होता.

पण शैलेंद्र मागे रेलून म्हणाला, “प्रेशर तुझ्याकडून कमी पडतंय. तू दे, मग चढेल.”

टाळ्या पडल्या. ओजससुद्धा मनापासून हसला, त्याने वाकून नमस्कार केला. शैलेंद्र चारचौघांत असाच होता. कुणाच्याही लग्नात त्याच्याभोवती घोळका असायचा. माझा सख्खा भाऊ म्हणायचा, ताई, भाऊजींसारखा माणूस मिळायला नशीब लागतं. बायका मला म्हणायच्या, तुमच्याकडे काय, रोज करमणूक. मी मान हलवायचे.

त्याच्या मनगटावरचा अंगठा बाहेर आला. जिंकला की तो चिडत नाही. मला वाटलं, झालं, आता हा पोरगा दुसऱ्या कुणाकडे तरी वळेल.

ओजस माझ्याकडे वळला.

“वहिनी, घरीपण असेच असतात का हो दादा?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. हो, असेच असतात. जिभेवर आलेलं होतं. त्या मुलाने माझ्याकडे बघितलं, उत्तरासाठी थांबला, आणि माझ्या तोंडून भलतंच गेलं.

“नाही. घरी शांत असतात.”

मी इतकी हळू बोलले की शेजारच्यांनाही ऐकू गेलं नसेल. पण त्याच्या हातात माईक होता.

“वहिनी म्हणतात, घरी शांत असतात.” हशा. “बरोबर आहे, घरी आवाज वहिनींचा. मग वहिनी, दादा शांत असतात तर त्यांचा मूड कसा आहे ते तुम्हाला कळतं कसं?”

“किल्लीवरून.”

“वहिनी म्हणतात, किल्लीवरून. म्हणजे?”

“यांच्याकडे दाराची किल्ली असते. किल्ली लावून आत आले तर सगळं ठीक. किल्ली जवळ असून बेल वाजवली, तर नाही.”

“वहिनी म्हणतात, खिशात किल्ली असून बेल वाजवली की समजायचं, आज दादा तापलेत.”

“आमच्याकडेपण तेच,” मागून कुणी तरी ओरडलं आणि परत हशा उसळला. शैलेंद्रने हसऱ्या तोंडाने मान हलवली आणि माझ्या मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला. हॉलमधून “ओऽऽ” असा कौतुकाचा सूर निघाला. ओजस म्हणाला, “बघा, भांडण मिटलं.” शैलेंद्रची बोटं माझी बोटं चाचपत करंगळीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. आदल्या वर्षी ती दीड महिना प्लॅस्टरमध्ये होती. ती त्याने हळूहळू मागे वाकवायला सुरुवात केली. हात सोडवून घेतला असता तर लोकांनी बघितलं असतं, आणि लोकांसमोर त्याची शोभा केली असं झालं असतं.

“बरं, मग बेल वाजली की तुम्ही काय करता वहिनी?”

आता गप्प बसायला हवं होतं. मला ते कळत होतं. एक शब्दही बोलू नकोस हर्षदा, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तोंड आपलं बोलत होतं.

“आधी गॅस बंद करते.”

“वहिनी म्हणतात, आधी गॅस बंद करते. का हो, एवढी शिक्षा? जेवायलाच नाही द्यायचं?”

“तसं नाही. तापलेलं तेल नको ना यांच्या हाताशी.”

“वहिनी म्हणतात, तापलेलं तेल नको यांच्या हा…”

तिथं तो थांबला. शब्द अर्धाच राहिला. इतका वेळ तो माझं बोलणं पोपटासारखं परत बोलत होता, ऐकत नव्हता. आता त्याच्याच आवाजात, मोठ्या स्पीकरवरून, ते त्याच्या कानावर पडलं. तोंड हसण्याच्या बेतात उघडलेलं तसंच राहिलं. हॉल सवयीने हसला, पण ते हसणं मधेच तुटत गेलं. आधी बायका थांबल्या. मग त्यांच्याकडे बघून बाकीचे. एसीचा आवाज ऐकू यायला लागला.

“गंमत करते ती,” शैलेंद्र म्हणाला. “तुझेच व्हिडिओ बघून बघून शिकलीय.” आणि तो मोठ्याने हसला. सबंध शोमध्ये पहिल्यांदा. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

मागच्या भिंतीपाशी बॅटरी लुकलुकली. वेळ संपली, आवरा, अशी ती खूण असते. ओजसने तिकडे बघितलं. त्याला धन्यवाद म्हणून निघून जाता आलं असतं, आणि तसं करावं असं त्याला वाटत होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो घाबरला होता. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. जा रे बाबा, एखादा विनोद कर पंपावर, सगळ्यांना हसव, म्हणजे मला घरी गेल्यावर म्हणता येईल की अहो, बघा, सगळे गंमतच समजले. कारण घरी मला जायचं होतं, त्याला नाही.

त्याने माईक स्टँडवर ठेवला. चौथऱ्याच्या कडेला आला आणि उकिडवा बसला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला.

“वहिनी,” त्याने हळू आवाजात विचारलं, “आत्ता घरी जायची भीती वाटते का तुम्हाला?”

“हो,” मी म्हणाले.

शैलेंद्र उठला. “झाला ना तुझा शो? चल गं.” त्याने माझं मनगट धरून ओढलं. मी दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरली. त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या सुतळीने एकमेकींना बांधलेल्या होत्या. त्याने हिसका दिला तशी सगळी रांगच करकरत पुढे सरकली, आणि रांगेतल्या प्रत्येकाला तो हिसका बसला.

माझ्या शेजारी एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. आसावरी मोगल त्यांचं नाव, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“त्यांना बसायचंय. हात सोडा त्यांचा.”

“तुमचा काय संबंध?”

“काही नाही. सोडा.”

मागे खुर्च्या वाजल्या. लोक उभे राहत होते. कुणी पुढे आलं नाही, कुणी अंगावर हात टाकला नाही. नुसते उभे राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले. शैलेंद्रकडे लोकांनी असं कधीच बघितलेलं नव्हतं. त्याने मनगट सोडलं, दोन्ही हात वर केले आणि सगळीकडे बघून हसला. “अहो, काय तुम्हीपण. कॉमेडी शो आहे हा.”

त्याने खिशातून गाडीची चावी काढली. दारापर्यंत गेला, मागे वळला आणि मला म्हणाला, “खाली थांबतो. दहा मिनिटांत ये.” अगदी शांतपणे बोलला, आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मला उठताच येईना. आसावरीताई आणि त्या काळ्या टी-शर्टवाल्या मुलीने मला धरून स्टेजमागच्या खोलीत नेलं. कलाकारांची खोली म्हणे, पण तिथं नुसते पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि एक टेबलफॅन होता. एका खोक्यावर मला बसवलं. आसावरीताईंनी खिडकीतून खाली बघितलं.

“पांढरी गाडी?”

मी मान हलवली.

“उभी आहे अजून. बसू दे त्याला. मागच्या जिन्याने माझी गाडी जवळ पडते, आपण माझ्याकडे जाऊ. आज रात्री तरी.”

आज रात्री तरी. आणि उद्या? कपडे घरी, कागदपत्रं घरी, पर्समध्ये भाजीपुरते पैसे. भावाला फोन केला तर तो म्हणणार, ताई, भाऊजी तसे नाहीत गं, काही तरी गैरसमज झाला असेल. आई म्हणणार, चारचौघांत कशाला बोललीस. मला इतकी भीती वाटली की एकदा मनात आलं, खाली जावं, गाडीत बसावं, माफी मागावी. दहा मिनिटं झाली नसतील अजून.

ओजस दारात येऊन उभा राहिला. माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली होती, पण झाकण त्याला उघडेना.

“वहिनी, माझं चुकलं,” तो म्हणाला. “मी विचारायलाच नको होतं. आम्ही काही खरं उत्तर हवं म्हणून विचारत नाही हो. पुढचा विनोद सुचावा म्हणून विचारतो. मला काय माहीत तुम्ही…” त्याला पुढे बोलता येईना. “आजचा व्हिडिओ पुसून टाकतो मी. कुणाला दाखवणार नाही.”

मी त्याच्या हातातून बाटली घेतली आणि झाकण मीच उघडलं. करंगळी सुजायला लागली होती. ती बघून मला डॉक्टर आठवले.

“हे बोट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी यांना विचारलं, कसं काय झालं म्हणून,” मी म्हणाले. “मी समोर बसलेली, बोट माझं, आणि विचारलं यांना. हे म्हणाले, बाथरूममध्ये पडली. आई येते तेव्हा यांनाच विचारते, बरी आहे ना हर्षा. भाऊ फोन करतो तो यांना. शेजारच्या बाईंनी एकदा रात्री आवाज ऐकून बेल वाजवली, दार यांनी उघडलं, त्यांनी यांना विचारलं, सगळं ठीक ना. अकरा वर्षं झाली. घरी कसे असतात हे, असं माझ्याकडे बघून विचारणारा तू पहिला.”

आसावरीताई खिडकीपाशी तशाच उभ्या होत्या.

“विचारलंस म्हणून सांगितलं,” मी म्हणाले. “मला तरी कुठे माहीत होतं मी सांगेन म्हणून. आता व्हिडिओ पुसू नकोस. आणि अजून काही विचारायचं असेल तर विचार.”

तो माझ्यासमोरच्या खोक्यावर बसला. त्याच्या हातात आता माईक नव्हता, आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

खालून गाडीचा हॉर्न आला. एकदा, मग जरा थांबून दुसऱ्यांदा, लांबलचक. तो हॉर्न माझ्यासाठी आहे हे तिथल्या सगळ्यांना कळलं. मी आपोआप उठायला लागले. मी दोन्ही हातांनी खोका धरला.

“लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून,” मी म्हणाले, आणि सांगायला लागले. हॉर्न वाजतच होता, म्हणून मला जरा मोठ्याने बोलावं लागलं.